'ओ'वरही तार, 'बी'वरही तार: पालशेतहून न्यू जर्सीतलं हीटिंग ओळखताना

हे प्रकरण घर गरम ठेवण्याच्या यंत्रणेचं आहे आणि ते सुटलं गुहागर तालुक्यात, जिथं घर गरम करायची वेळ कुणावर येत नाही. आमच्याकडे तापवायचं ते न्हाणीघरातलं पाणी. त्याला बंब आहे, आता गीझर आला. खोली तापवणारं यंत्र इथल्या बाजारात मागितलं तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. माझं काम शृंगारतळीच्या आसपासचे एसी आणि फ्रिज दुरुस्त करायचं. होम-स्टेवाले वाढल्यापासून त्यात एसीचाच भरणा जास्त.

पालशेतला ओळखीचे एक काका आहेत. त्यांची लेक आणि जावई न्यू जर्सीत. तिथं त्यांनी हिवाळ्याच्या तोंडाशी एक जुनं टाउनहाउस विकत घेतलं आणि सवलतीत मिळाला म्हणून एक स्मार्ट थर्मोस्टॅटही, म्हणजे तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारा भिंतीवरचा डबा, घेऊन ठेवला. तो बसवायला घेतला तेव्हा ॲपने पहिलाच प्रश्न टाकला: तुमचं हीटिंग कोणत्या प्रकारचं? गॅस फर्नेस (गॅस जाळून हवा तापवणारी भट्टी), इलेक्ट्रिक, हीट पंप, बॉयलर, अशी यादी. घर विकणारा केव्हाच दुसऱ्या राज्यात गेलेला. तिथल्या मेकॅनिकला नुसतं बघायला बोलवायचं तरी भेटीचे पैसे पडतात. काका म्हणाले, "आपल्याकडे एसीवाला आहे की, त्याला दाखव."

तिथं हिवाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. तिची रात्रीची जेवणं उरकली की आमच्याकडे सकाळ व्हायची. काकांच्या ओटीवर वायफाय नीट चालतं, म्हणून मी तिथंच जाऊन बसायचो. फोन माझ्या हातात, आणि काका शेजारी, मतं द्यायला.

त्यांचं पहिलं मत लगेच आलं. "अगो, स्वयंपाकाला पाइपचा गॅस आहे ना तुझ्याकडे? मग हीटिंग गॅसचंच. त्यात विचारायचं काय?"

तिलाही तसंच वाटत होतं, आणि ती ॲपमध्ये 'गॅस फर्नेस' निवडून मोकळी होणार होती. तक्रार एवढीच की जाळीतून येणारी हवा जेमतेम कोमट लागते, म्हणजे फर्नेसही दुरुस्तीला आली असणार. मला ही तक्रार जास्त कामाची वाटली. गॅसच्या फर्नेसमधून जाळीशी येणारी हवा साधारण १२० ते १४० अंश फॅरनहाइट असते, म्हणजे सुमारे ५० ते ६० सेल्सिअस. हात धरला तर चटका नाही, पण ऊब नक्की कळते. कोमट हवा म्हणजे एक तर फर्नेस खरंच बिघडली आहे, नाही तर ती फर्नेसच नाही.

ॲप जो प्रश्न विचारतं तो माझ्या मते चुकीच्या जागी विचारतं. माणूस भिंतीसमोर स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा असतो, आणि उत्तर तळघरात आणि घराच्या मागं असतं. म्हणून तिला म्हटलं, "ताई, ॲप बंद करा. आधी भिंतीवरच्या जुन्या थर्मोस्टॅटच्या डब्यावर जे जे छापलंय ते वाचून दाखवा, आणि झाकण काढलंत की तारांना हात लावायच्या आधी फोटो काढा."

डब्याच्या कडेला सरकवायचं एक बटण होतं: कूल, ऑफ, हीट, ईएम हीट. शेवटचं म्हणजे इमर्जन्सी हीट. मुख्य यंत्र बंद पडलं तर नुसत्या आधाराच्या हीटरवर घर चालवायची सोय. साध्या गॅस फर्नेसला या बटणाचा काही उपयोग नसतो, ते हीट पंपाच्या, म्हणजे उलटा चालून घर गरम करणाऱ्या एसीच्या, घरात लागतं. पण एवढ्यावर मी शिक्का मारला नाही. भिंतीवरचा डबा कुणी तरी मधे बदललेला असू शकतो, आणि दोन्हीकडे चालणारे डबे सर्रास मिळतात.

झाकण काढल्यावर पहिलं बघायचं ते तारांचं अंग. जाडजूड, टोप्या घालून पिळलेल्या दोन किंवा चार तारा निघाल्या असत्या तर काम तिथंच थांबवायला लावलं असतं. भिंतीला लागून असलेल्या इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरला थेट १२० किंवा २४० व्होल्ट जातात आणि त्यांचा थर्मोस्टॅट तोच भार तोडतो-जोडतो. नेहमीचा स्मार्ट थर्मोस्टॅट त्या तारांना जोडला तर तो जळतो, आणि माणसाच्या जिवावरही बेतू शकतं. त्या घरांसाठी वेगळेच थर्मोस्टॅट मिळतात. इथं मात्र बेलच्या तारेसारख्या बारीक, रंगीत तारा होत्या. म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून आलेले २४ व्होल्ट. इथपर्यंत ठीक.

मग घरभर फिरायला लावलं. खोल्यांत रेडिएटर नाहीत, भिंतीच्या तळाशी गरम पाण्याच्या नळ्या नाहीत. जमिनीत आणि छतात जाळ्या. म्हणजे उष्णता हवेवाटे येते, बॉयलर बाद. पण यावरून उष्णता कशाने तयार होते ते कळत नाही. गॅस फर्नेस, तेलाची फर्नेस, इलेक्ट्रिक फर्नेस, हीट पंप, सगळे त्याच पत्र्याच्या डक्टमधून हवा ढकलतात. लोक बहुतेक इथंच फसतात. जाळी बघितली की 'सेंट्रल हीटिंग' म्हणून मोकळे.

तळघरात गेल्यावर तिला गॅसच्या नळीमागं जायला सांगितलं. मीटरपासून आत आलेली काळी लोखंडी नळी एका फाट्यानं वर स्वयंपाकघराकडे गेली होती आणि दुसऱ्या फाट्यानं पाणी तापवायच्या टाकीकडे. तिथंच संपली. धूर बाहेर नेणारं धुराडंही त्या टाकीचंच होतं. शेजारी उभ्या असलेल्या, हवा ढकलणाऱ्या कपाटाएवढ्या यंत्राला गॅसची नळी कुठूनच आलेली नव्हती. काकांनी मान हलवली, पण "असेल मागच्या बाजूनं" असं म्हणायला ते विसरले नाहीत. मागची बाजूही बघितली. नव्हती.

एवढ्यात ताई म्हणाली, "दादा, याला पांढरा पीव्हीसी पाइप आहे. हेच धुराडं असेल ना?" प्रश्न रास्त होता. जास्त कार्यक्षम गॅस फर्नेसचा धूर इतका थंड होऊन निघतो की त्याला लोखंडी धुराडं लागत नाही, पीव्हीसी चालतं. त्यामुळे 'चिमणी नाही म्हणजे गॅस नाही' हा हिशेब चुकतो. पण ते पीव्हीसी दोन-तीन इंच जाड असतं आणि भिंतीतून किंवा छपरातून बाहेर जातं. हिनं कॅमेरा जवळ नेला तेव्हा पाऊण इंची नळी दिसली, खाली उतरून मोरीच्या जाळीत सोडलेली. ती उन्हाळ्यात कॉइलवर जमणारं पाणी वाहून नेणारी. आमच्या स्प्लिट एसीची ड्रेनची नळी जशी खिडकीबाहेर टपकत असते, तीच ही.

यंत्राच्या अंगावरच मोठे ब्रेकर होते. मुख्य पॅनेलमध्ये त्याच नावाखाली ६० अँपिअरचा जोड ब्रेकर. नुसता पंखा फिरवायला एवढा कशाला? दहा किलोवॅटच्या हीटर पट्ट्या २४० व्होल्टवर सुमारे ४२ अँपिअर ओढतात, त्यांच्यासाठी हा आकडा जुळतो. म्हणजे कपाटात विजेच्या पट्ट्या आहेत. आता दोनच शक्यता उरल्या: नुसती इलेक्ट्रिक फर्नेस आणि उन्हाळ्यापुरता वेगळा एसी, किंवा हीट पंप आणि पट्ट्या आधाराला.

याचा निकाल घरामागं लागतो. तिला थर्मोस्टॅट हीटवर ठेवून दोन-तीन अंश वाढवायला सांगितलं आणि पाच-सात मिनिटं थांबून, कोट घालून मागच्या दारी जायला. बाहेरचं युनिट चालू होतं. पंखा फिरत होता, आणि कॉइलच्या खालच्या भागावर पांढरं हिव धरलेलं. बाहेर थंडी, आत हीटिंग, आणि एसीचं युनिट चालू. याचा एकच अर्थ निघतो. नावाच्या पट्टीवर खालच्या ओळीत 'हीट पंप' छापलेलंही होतं, पण ती पट्टी उन्हापावसानं इतकी उडाली होती की तिच्यावर अवलंबून राहायची वेळ आली नाही ते बरं झालं.

काकांना हे पटायला वेळ लागला. थंडीत बाहेरच्या हवेतून उष्णता आत आणायची ही कल्पनाच त्यांना उफराटी वाटली. यंत्र एसीचंच असतं. कॉम्प्रेसरपाशी एक चार तोंडांचा व्हॉल्व असतो. वाडीत शिंपताना पाटाला इकडचं बोळं लावलं आणि तिकडचं काढलं की तेच पाणी दुसऱ्या आळ्यांकडे वळतं, तसा तो गरम गॅस कधी बाहेरच्या कॉइलकडे सोडतो, कधी आतल्या. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर, हिवाळ्यात बाहेरची आत. उत्तरेकडे 'हॉट अँड कोल्ड' म्हणून जे एसी विकतात त्यांतही हेच असतं. आमच्या किनाऱ्यावर ते कुणी घेत नाही.

कोमट हवेचंही कोडं सुटलं. हीट पंपाची हवा ९० ते १०० अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. माणसाचं अंग ९८. तळहात धरला की ती जेमतेम कोमटच वाटणार, पण घर तापतं. यंत्राला काही झालेलं नव्हतं.

प्रकार कळला, आता तारा. फोटोत सहा तारा होत्या: आर-वर लाल, वाय-वर पिवळी, जी-वर हिरवी, डब्ल्यू-वर पांढरी, ओ-वर केशरी आणि बी-वर निळी. आर म्हणजे २४ व्होल्टचा पुरवठा, वाय कॉम्प्रेसरची, जी पंख्याची, डब्ल्यू हीटर पट्ट्यांची. सी-ला काहीच नाही. सी म्हणजे कॉमन, परतीची तार. स्मार्ट थर्मोस्टॅटला स्वतःचा पडदा आणि वायफाय चालवायला ती लागते. ॲपनं तिला सांगितलं होतं की तुमच्याकडे सी तार नाही, जोडणीचं वेगळं किट मागवा. आणि नव्या थर्मोस्टॅटवर 'ओ/बी' असं एकच भोक होतं, त्यात यातली कुठली तार घालायची हे तिला कळेना. दोन्ही एकत्र पिळून घालू का, असं जावयांनी मागून विचारलं.

या प्रकरणातली खरी गाठ हीच होती. ओ आणि बी ही दोन्ही अक्षरं त्या चार तोंडांच्या व्हॉल्वची. बहुतेक कंपन्या कूलिंगच्या वेळी व्हॉल्वला वीज देतात, ती तार ओ. रीम आणि रूड या कंपन्या हीटिंगच्या वेळी देतात, ती बी. पण व्हॉल्व एकच असतो, त्याला एकच तार पुरते. एका घरात ओ-वरही तार आणि बी-वरही तार असेल तर त्यातली एक व्हॉल्वची नाही. ट्रेन या कंपनीच्या जुन्या हीट पंप थर्मोस्टॅटांवर बी हे अक्षर कॉमनसाठी वापरलं आहे, ही गोष्ट एसीच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असते, घरमालकाला असायचं कारण नाही. म्हणजे ही निळी तार जवळजवळ नक्कीच ॲपला न सापडलेली सी. ती केशरीबरोबर पिळून ओ/बी-त घातली असती तर थर्मोस्टॅटनं व्हॉल्वला वीज सोडताच आर आणि कॉमन एकमेकांना भिडले असते. मग बोर्डावरचा फ्यूज उडाला तर नशीब, नाही तर ट्रान्सफॉर्मर गेला असता.

रंगावर मी विसंबत नाही. निळी तार बहुतेकदा कॉमन असते हे खरं, पण बसवणाऱ्याच्या हाताला त्या दिवशी जी तार लागेल ती तो लावतो. इंटरनेटवर रंगांचे तक्ते फिरतात, त्यांनी जितकी घरं वाचवली असतील तितकीच बिघडवली असतील.

जावयांकडे मल्टिमीटर होता आणि ते आर आणि निळीमध्ये व्होल्ट मोजायला निघाले. मोजू दिले. आले सव्वीस. मग म्हटलं, आता आर आणि केशरीमध्ये मोजा. तिथंही जवळपास तेवढेच. आर आणि पिवळीमध्येही. त्यांना वाटलं मीटर बिघडला. मीटर बरोबरच होता: केशरी तार व्हॉल्वच्या कॉइलमधून आणि पिवळी काँटॅक्टरच्या, म्हणजे कॉम्प्रेसर चालू करणाऱ्या स्विचच्या, कॉइलमधून शेवटी कॉमनलाच जाऊन मिळते. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे मधल्या कॉइलचा अडथळा त्याला जाणवत नाही. भिंतीपाशी उभं राहून, मीटर घेऊन, सी कुठली ते ठरवता येत नाही. त्यासाठी तारेचं दुसरं टोक बघावं लागतं.

म्हणून पुन्हा तळघर. दोन्ही ब्रेकर बंद, आतल्या यंत्राचा आणि बाहेरच्या युनिटचा. बंद झाले हे जुन्या डब्याच्या पडद्यावरून ठरवू नका म्हणून सांगितलं, कारण त्यात पेन्सिल सेल होते आणि वीज गेली तरी आकडे दिसत राहतात. पंख्याचं बटण 'ऑन' करून बघितलं, काही फिरलं नाही, मग पत्रा उघडला. आत बोर्डावर निळी तार ज्या स्क्रूखाली होती त्याच्याच खाली ट्रान्सफॉर्मरहून आलेली एक तार होती आणि बाहेरच्या युनिटकडे जाणारी आणखी एक. आर सोडला तर तीन तारा जिथं अशा एकत्र येतात ती परतीचीच जागा. बोर्डावर तिथं बी छापलेलं होतं. केशरी सरळ बाहेरच्या युनिटकडे गेली होती, पांढरी हीटर पट्ट्या चालू-बंद करणाऱ्या रिलेकडे. बोर्डावरचा फ्यूजही बघून घेतला: पाच अँपिअरचा, गाड्यांत असतो तसला चपटा. तो कुठल्याही गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, हे तिला सांगून ठेवलं.

आता जोडणी सोपी होती. लाल आर-ला, पिवळी वाय-ला, हिरवी जी-ला, केशरी ओ/बी-ला आणि ॲपमध्ये 'ओ', निळी सी-ला. पांढरीबद्दल मात्र मी दोनदा बजावलं. जुन्या डब्यावर ती डब्ल्यू-वर होती, म्हणून नव्यातही डब्ल्यू-वन मध्ये घालायचा मोह होतो. ती ऑक्स (म्हणजे आधाराची हीट) किंवा डब्ल्यू-टू मध्येच जायला हवी. डब्ल्यू-वन मध्ये घातली आणि ॲपला 'इलेक्ट्रिक' सांगितलं, तर थर्मोस्टॅट हीटिंग म्हणजे फक्त पट्ट्या असं समजतो. घर छान तापतं, जाळीतून चांगली गरम हवा येते, घरचे खूश. हीट पंप हिवाळाभर झोपलेला, आणि हे कळतं विजेच्या बिलावर. पट्ट्या एका युनिटात एका युनिटाचीच उष्णता देतात. हीट पंप बेताच्या थंडीत तेवढ्याच विजेत अडीच-तीन पट उष्णता आत आणतो. चुकीच्या प्रकारानं यंत्र बंद पडलं तर निदान लगेच कळतं. हे असं चालू राहणं जास्त महागात जातं.

ब्रेकर चालू केले आणि नवा पडदा काळाच. काका म्हणाले, "जळला." जळला नव्हता. खालचा पत्रा नीट बसला नव्हता. त्या पत्र्यामागं एक सुरक्षेचं बटण असतं, पत्रा पूर्ण दाबून बसल्याखेरीज ते आतली वीज सोडत नाही. ताईनं गुडघा लावून पत्रा आत दाबला आणि पडदा उजळला.

चाचणी हीटपासून घेतली. काही मिनिटांनी बाहेरचं युनिट सुरू, जाळीतून तीच कोमट हवा, पडद्यावर 'ऑक्स' नाही. ओ-बी उलट पडलं असतं तर हीटला थंड हवा आली असती. तसं असेल तर तारा हलवायच्या नाहीत, ॲपमधलं 'ओ'चं 'बी' करायचं. इथं गरज पडली नाही. कूलची चाचणी उन्हाळ्यावर टाकली, थंडीत ती घेण्यात अर्थ नसतो.

नंतर दोन गोष्टी बदलून घेतल्या. ॲपनं आपणहून रात्रीचं तापमान आठ अंश फॅरनहाइटनं खाली नेण्याचं वेळापत्रक सुचवलं होतं. फर्नेसच्या घरात ते ठीक आहे. हीट पंपाच्या घरात पहाटे एवढी दरी भरून काढताना थर्मोस्टॅट धीर सोडतो, पट्ट्या लावतो आणि रात्रीची बचत सकाळी खाऊन टाकतो. दोन-तीन अंशांवर आणलं. दुसरं, बाहेर ४० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साडेचार सेल्सिअसच्या वर असेल तर पट्ट्यांना हात लावायचा नाही, अशी मर्यादा घातली. बाहेरचं तापमान तो थर्मोस्टॅट इंटरनेटवरून घेतो. बाहेर ४० च्या वर असतानाही घर तापेनासं झालं तर ही मर्यादा वर न्या, एवढं सांगून ठेवलं. मधेच बाहेरच्या युनिटातून वाफेचा लोट निघाला तर घाबरायचं नाही. ते स्वतःवरचं हिव वितळवतंय.

एवढं झाल्यावर काकांना तसलाच एक डबा होम-स्टेच्या तीन खोल्यांसाठी हवा झाला. "जावई येताना आणतील." त्यांना नको म्हणून सांगितलं. आपल्या भिंतीवरच्या स्प्लिट एसीला २४ व्होल्टच्या या तारा नसतातच. आतलं आणि बाहेरचं युनिट आपापल्या कंपनीच्या भाषेत बोलतात आणि हुकूम घेतात रिमोटचा. तिथं चालतो तो रिमोटची नक्कल करणारा वायफाय डबा, तो इथंही मिळतो. आणि काकांच्या एसीचं दुखणं ते नाहीच. समुद्राकडच्या खोलीचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्यानं इतकं खाल्लं आहे की बोट लावलं तर कॉइलच्या पात्या पिठासारख्या गळतात. ती कॉइल आधी बदलायची, आणि नवं युनिट वाडीच्या बाजूला फिरवून लावायचं. त्याचं माप मी घेऊन ठेवलं आहे.